गडलगट्ट्याला वाट नाही, असे कोण म्हणतो?

मागच्या महिन्यात चंद्रपुरातील एका अभ्यासिकेत गेलो होतो. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, खाली पोरे पुस्तकात डोके घालून बसलेली. महाराष्ट्रातील उंच शिखरांची यादी पाठ करणे चालू होते. कळसूबाई १६४६ मीटर, साल्हेर १५६७ मीटर, आणि बरेच खाली उतरल्यावर गडचिरोली जिल्हा, गडलगट्टा, ९६७ मीटर. मी विचारले, यातले गडलगट्टा कोणी पाहिले आहे काय? एकही हात वर आला नाही. एक पोरगा म्हणाला, "सर, तिकडे वाटच नाही जी."

त्या पोराला मी काय बोलणार? हेच वाक्य मी स्वतः एकदा भर सभेत टाळ्या घेत बोललो आहे. ती गोष्ट आज सांगतो.

२००३ चा फेब्रुवारी महिना. आम्ही चौघे मित्र एटापल्ली तालुक्यातील एका डोंगरावर जायला निघालो. डोंगराचे नाव येथे देत नाही, त्याचे कारण शेवटी येईल. फेब्रुवारी मुद्दाम निवडला होता. पावसाळा संपल्यावर त्या भागात गवत डोक्याबरोबर असते आणि खाजकुयलीच्या शेंगा वाळलेल्या असतात, अंगाला लागल्या की माणूस नाचतो. मार्चपासून मोह गळू लागला की पहाटे झाडाखाली अस्वल असते. मधल्या दिवसांत सागाची पाने गळलेली असतात, थोडे पुढचे दिसते. आमच्याजवळ नकाशा होता, होकायंत्र होते आणि शिकलेल्या माणसाची घमेंड होती.

गावात कोणालाही न विचारता आम्ही नाला धरला. नाला वरूनच येतो, तेव्हा वरपर्यंत नेईल, असा आमचा हिशेब. अर्ध्या तासात बांबूची बेटे सुरू झाली. उभा बांबू त्रास देत नाही. मोडून पडलेला, एकमेकांत अडकलेला बांबू मात्र माणसाला चालू देत नाही आणि वाकूही देत नाही. वर पळसवेल, खाली चिल्हाटीचे काटे, आणि धक्का लागला की पानांच्या घरट्यातून लाल माटे मानेवर. दोन तासांत आम्ही अर्धा किलोमीटरही सरकलो नसू. पाणी अर्धे संपले होते. मुकाट्याने गावात परत आलो.

मग एक माडिया गृहस्थ आमच्यासोबत निघाले. वय पन्नाशीच्या पुढे, पायात काही नाही, खांद्यावर टंगिया. आम्ही त्यांना दादा म्हणू लागलो. त्यांनी नाल्याकडे पाहिलेसुद्धा नाही. नाल्याच्या डाव्या अंगाला डोंगराची एक सोंड खाली उतरली होती, तिच्या पाठीवर ते चढले. पाठीवर माती कमी, दगड जास्त, त्यामुळे बांबू विरळ. मध्येच ते आडवे वळत. तिथे सांबराची वाट असे, आमच्या डोळ्यांना न दिसणारी. जनावर उभा चढ घेत नाही, तिरके जाते, हे दादांनी हाताने हवेत रेघ ओढून दाखवले. आम्हाला वाटले होते की टंगिया झाडी तोडायला आणली आहे. पूर्ण चढणीत त्यांनी ती चार-पाच वेळाच चालवली असेल. मात्र दुसरी सोंड येऊन मिळाली की ते थांबत, एक डहाळी वाकवून मोडत आणि पुढे जात. याचे कारण मला उतरताना कळले. चढताना सगळ्या सोंडा माथ्याकडेच जातात, कुठूनही चढा, पोहोचालच. उतरताना त्याच सोंडा फुटत जातात, आणि एक चुकली की माणूस भलत्याच खोऱ्यात उतरतो, जिथे गाव नाही आणि उन्हाळ्याच्या तोंडावर पाणीही नाही.

माथ्यावरून काहीही दिसले नाही. सपाट माथा, ऐनाची मोठी झाडे, चहूकडे पाने. फोटोत सह्याद्रीचे माथे असतात तसे काही नाही. आमच्यातला एक थकून एका दगडावर बसला. दादा हळूच म्हणाले, "तिथून उठा जी." तेव्हा दिसले की ऐनाच्या बुंध्याशी दगड मांडलेले होते, त्यांच्याजवळ जुनी राख होती. आपण पहिलेच, असे समजत आम्ही जिथे पोहोचलो होतो, तिथे एक गाव पिढ्यान्पिढ्या येत होते.

आम्ही चौघांनी तिथे फोटो काढला. म्हणजे दादांनी काढला, म्हणून दादा त्या फोटोत नाहीत. खाली आल्यावर मजुरी किती, हे विचारायचे आम्हाला सुचले नाही. बिस्किटाचे दोन पुडे आणि पन्नासाची एक नोट दिली. पुढच्या आठवड्यात चंद्रपुरात मित्रमंडळींसमोर मी भाषण ठोकले, वाट नसलेला डोंगर आम्ही सर केला! त्याच आठवड्यात दादांना एका चौकीवर बोलावून दिवसभर बसवून ठेवले होते. बाहेरची माणसे डोंगरात कशाला नेली? दोन रात्रींनी बंदूकवाल्या दुसऱ्या लोकांनी गावात येऊन हाच प्रश्न विचारला. हे आम्हाला चार महिन्यांनी समजले. चढलो आम्ही, जाब दिला त्यांनी.

हा केवळ आमच्या चौघांचा दोष आहे, असे मी मानत नाही. हिंगणघाटला विल्यम लॅम्टनची कबर आहे. भारताची मोजणी करीत करीत तो उत्तरेकडे निघाला होता आणि २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मेला. त्याचे नाव भूगोलाच्या इतिहासात आहे, ते असायलाही हवे. पण दुर्बिणीला समोरचा डोंगर दिसावा म्हणून माथ्यावरची झाडे कोणी तोडली? अवजड यंत्र खांद्यावरून वर कोणी चढवले? त्या खलाशांची आणि हमालांची नावे त्या इतिहासात नाहीत. नकाशा साहेबाचा झाला आणि ज्यांनी वाट दाखवली ते नकाशातून गळाले.

पुढे तर वाट माहीत असणे हाच गुन्हा ठरला. १८७८ चा वन कायदा आला, नंतर १९२७ चा. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे १९२७ च्या कायद्याच्या कलम २६ प्रमाणे अपराध आहे. कलम वाचताना सगळ्यांना सारखे वाटते. परंतु शहरातून येणाऱ्यासाठी ती एक परवानगीची चिठ्ठी असते, आणि ज्याचा देव माथ्यावर आहे, ज्याचा मोह, चार आणि तेंदू उतारावर आहे, त्याच्यासाठी ती रोजची धास्ती असते. सार्वजनिक रस्त्यावरून आणि पाणवठ्यावर जाण्याचा हक्क म्हणजे काय, हे या पानाच्या वाचकाला मी वेगळे सांगण्याची गरज नाही. ते आपण महाडला शिकलो. मग जंगलात गेल्यावर आपण ते कसे विसरतो?

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे चित्र कागदावर तरी बदलले. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातात आला. ज्या बांबूत आम्ही दोन तास अडकून पडलो, त्याच बांबूवर एका गावाने आपला कारभार उभा केला, ही गोष्ट मला आजही फार मोठी वाटते.

दुसऱ्या बाजूला सुरजागड आहे. तोही एटापल्ली तालुक्यातीलच डोंगर. तिथल्या ठाकूरदेवाची यात्रा जानेवारीत भरते, आसपासच्या इलाक्यातील गावे पायी चढून येतात. १८५८ मध्ये इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना हेच डोंगर आणि हेच जंगल साथीला होते. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. या सुरजागडावर २००७ मध्ये लोहखनिजासाठी सुमारे ३४८ हेक्टरचा पट्टा दिला गेला. डिसेंबर २०१६ मध्ये माओवाद्यांनी तिथली सत्तरहून अधिक वाहने जाळली, काम थांबले, आणि २०२१ पासून ते पुन्हा जोरात सुरू झाले. ज्या जिल्ह्यात पेशंटला खाटेवर टाकून नाले ओलांडावे लागतात, त्या जिल्ह्यात डोंगराच्या माथ्यापर्यंत ट्रक जाण्याइतका रस्ता झाला. म्हणजे वाट काढता येत नव्हती असे नाही. कोणासाठी काढायची, एवढाच प्रश्न होता.

ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा मोठा नेता भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. भीती ओसरते आहे, हे चांगलेच आहे. आता हौशी मंडळी येतील, डोंगर चढतील, मोबाईलवर फोटो टाकतील. खाणीचे सर्वेक्षणवालेही येतील. दोघेही म्हणतील, इथे कोणी नव्हते, वाटसुद्धा नव्हती.

अभ्यासिकेतल्या त्या पोराला मी म्हटले, येत्या फेब्रुवारीत चल. आणखी दोघे तयार झाले. या वेळी आधी गावाला विचारले. दादा आता डोंगर चढत नाहीत, गुडघे गेले, त्यांचा पुतण्या येणार आहे. ग्रामसभेने आम्हाला चार गोष्टी सांगितल्या. माणशी मजुरी निघण्याआधी ठरवायची. माथ्यावरच्या दगडांना हात लावायचा नाही. उतरताना पुतण्याच्या पुढे कोणी जायचे नाही. आणि डोंगराचे नाव पेपरात छापायचे नाही.

मजुरी ठरली आहे. त्या पन्नासाच्या नोटेचे काय करायचे ते मी दादांना विचारले, तर ते हसले आणि म्हणाले, "तो फोटो आणून दाखवा जी, मी काढलेला."