बॉस, दहा दिवस सुट्टी हवीय!

रात्रीचे दोन वाजलेत. विमानतळाबाहेर हातात पाटी धरून तुम्ही उभे. पाय बोलायला लागलेत. तेवढ्यात दार सरकतं आणि ट्रॅकसूटमधली दमलेली टीम बाहेर येते. एकाची बॅग आलीच नाहीये, चेहरा रडवेला. त्या क्षणी त्याच्यासाठी अख्खं शहर म्हणजे फक्त तुम्ही!

पुण्याला हे नवीन नाही. ऑक्टोबर २००८ मध्ये बालेवाडीत कॉमनवेल्थ युवा स्पर्धा झाल्या, तेव्हा ७१ देशांचे संघ शहरात उतरले होते. 'जिगर' नावाचा वाघ शुभंकर होता, आठवतोय? तेव्हा कॉलेजात असलेली पोरं आज पस्तिशीच्या आसपास आहेत. आता २०३० च्या कॉमनवेल्थ स्पर्धा अहमदाबादला आहेत. मुंबईहून एका रात्रीचा प्रवास. म्हणजे चान्स आहे!

पण जरा थांबा. व्हॉलंटियरला पगार नसतो. साधारणपणे मिळतो तो युनिफॉर्म, ड्युटीच्या वेळचं जेवण आणि शहरातला प्रवास. राहण्याची सोय बहुतेक वेळा आपली आपणच करायची. लंडन २०१२ ला ७० हजार व्हॉलंटियर होते आणि प्रत्येकाकडून किमान दहा दिवसांची अपेक्षा होती. वर फायनल बघायला मिळेल याची गॅरंटी नाही. तुमची ड्युटी पार्किंगलाही लागू शकते. मग एवढ्या कोटींच्या इव्हेंटमध्ये आपणच फुकट का राबायचं? प्रश्न शंभर टक्के बरोबर आहे. तो स्वतःला विचारूनच फॉर्म भरा.

तरीही पॅरिस २०२४ च्या ४५ हजार जागांसाठी तीन लाखांवर अर्ज आले होते. लोक वेडे आहेत का? मोठ्या देशांसोबत मॅनेजर, डॉक्टर, फिजिओ असा सगळा फौजफाटा असतो. पण पॅरिसला नाउरू, बेलीझ, सोमालिया यांचा खेळाडू एकेकटाच होता. अशा छोट्या टीमला सरावाची बस कुठून सुटते, साधा भात कुठे मिळेल, हे सांगणारा माणूस लाखमोलाचा असतो. 'अतिथी देवो भव' पाटीवर लिहिणं सोपं. रात्री दोनला हरवलेल्या बॅगेसाठी काउंटरवर शांतपणे बोलणं, हे खरं आदरातिथ्य.

जायचंच असेल तर

* सुट्ट्या आत्तापासून साठवा.
* इंग्रजीसोबत थोडी फ्रेंच किंवा स्पॅनिश येत असेल तर फॉर्ममध्ये ठळक लिहा.
* आधी गावातल्या मॅरेथॉनला पाणी वाटून बघा. चार तासांत उभं राहायचा कंटाळा आला, तर दहा दिवसांचं विसरा!
* सेल्फीचा मोह आवरा. खेळाडू तिथे कामावर असतो.

सीव्हीत एक ओळ वाढेल, ते ठीक. पण पुढे कधीतरी टीव्हीवर एखाद्या चिमुकल्या देशाचा झेंडा दिसेल आणि तुम्ही घरच्यांना सांगाल, 'अरे, याला मी आणायला गेलो होतो!' त्यासाठी बॉसची मनधरणी करायला काय हरकत आहे?