पकडीच्या गुणांत न दिसणारा बचावपटू
तरुण कबड्डीपटू निवडताना पकडीचे गुण आधी पाहिले जातात आणि तिथेच बचावपटूवर अन्याय होतो. प्रो कबड्डीत चढाई 30 सेकंदांची. सलग दोन रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. ज्या मध्यरक्षकाने जागा न सोडता पहिल्या दोन चढाया कोरड्या परतवल्या, त्यानेच खरे तर तिसरीतली पकड घडवली. गुण मात्र कोपरारक्षकाच्या नावावर लागतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजचे लाइनबॅकर पारखतानाही हीच अडचण येते: टॅकल किती केले ते कळते, पण तोवर प्रतिस्पर्धी किती पुढे घुसला होता, ते त्या आकड्यात दिसत नाही.

आकडे निदान निःपक्षपाती असतात, निवडणाऱ्याची नजर ओळखीपाळखीची, असा आक्षेप येतो. तो रास्तच आहे. म्हणून आकडे टाकू नयेत, वाढवावेत: फसलेल्या पकडी मोजाव्यात, रिकाम्या परतवलेल्या चढायाही. तरुणांची नीट पारख महागड्या नावांपेक्षा कमी मोलाची नसते: प्रो कबड्डीत पुणेरी पलटणने 1 मार्च 2024 रोजी हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून विजेतेपद मिळवले, तेव्हा लिलावात 2.35 कोटींना घेतलेल्या मोहम्मदरझा शादलूभोवती अस्लम इनामदारसारखे पलटणमध्येच घडलेले तरुण होते. त्याच हंगामात 2.605 कोटींचा पवन सेहरावत असूनही तेलुगू टायटन्स तळाला राहिले.