टूरिंग मोटारसायकल व स्वाराचा संरक्षक पोशाख

टूरिंग मोटारसायकल म्हणजे सामान आणि बहुधा मागे बसलेला सहप्रवासी यांसह रोज काही शे किलोमीटरचा प्रवास सलग अनेक दिवस करण्यासाठी बनवलेली, किंवा त्या कामास योग्य ठरणारी दुचाकी होय. एका टाकीत गाठता येणारा पल्ला, बसण्याची ठेवण, भार वाहण्याची क्षमता आणि वाटेत दुरुस्ती होण्याची सोय हे तिचे मुख्य गुण मानले जातात. कमाल वेगाला त्यामानाने कमी महत्त्व आहे. दुचाकीस्वाराभोवती मोटारीसारखा पत्रा नसतो, आसनपट्टाही नसतो. त्यामुळे हेल्मेट, जाकीट, हातमोजे आणि बूट हे वाहनाचेच भाग समजून दोन्हींची निवड एकत्र करणे योग्य ठरते. प्रत्यक्षात अनेक खरेदीदार जवळचा सर्व पैसा गाडीवर घालतात आणि उरलेल्या किरकोळ रकमेत पोशाख बसवतात.

पार्श्वभूमी

लांबच्या प्रवासासाठी खास रचना केलेल्या मोटारसायकली १९७० च्या दशकात ठळकपणे पुढे आल्या. होंडा कंपनीने १९७४ मध्ये गोल्ड विंग सादर केली. बीएमडब्ल्यूने १९७६ मध्ये आर १०० आरएस या गाडीला हवाबोगद्यात चाचण्या घेऊन तयार केलेले वारा अडवणारे पूर्ण कवच बसवले, तर १९८० मध्ये आलेल्या तिच्याच आर ८० जी/एस या गाडीपासून डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या ‘ॲडव्हेंचर टूरिंग’ प्रकाराला चालना मिळाली.

भारतात १९५५ पासून मद्रास येथे तयार होऊ लागलेली रॉयल एनफील्डची बुलेट हीच दीर्घकाळ लांबच्या प्रवासाची गाडी होती. ती वेगवान नव्हती. पण तिचे काम जाणणारा मेकॅनिक गावोगावी भेटे, आणि प्रवासात हा गुण फार मोलाचा असतो. २०१६ मध्ये याच कंपनीची हिमालयन आणि बजाज ऑटोची डॉमिनार ४०० बाजारात आली. बजाजच्या पुणे जिल्ह्यातील चाकण कारखान्यात केटीएमच्या मोटारसायकलीही तयार होतात.

उंची, वजन आणि बसण्याची ठेवण

गाडी निवडताना प्रथम इंजिनाचा आकार पाहण्याची प्रथा आहे. वास्तविक पहिला प्रश्न शरीराचा आहे: गाडी उभी असताना पाय जमिनीला नीट टेकतात काय? रॉयल एनफील्ड मीटिअर ३५० या गाडीचे आसन जमिनीपासून ७६५ मिलिमीटरवर आहे, तर हिमालयन ४५० चे ८२५ मिलिमीटरवर. फरक साठ मिलिमीटरचा, म्हणजे सुमारे अडीच इंचांचा आहे. सपाट, कोरड्या रस्त्यावर तो जाणवणार नाही. घाटातील उतारावर, मागे माणूस आणि दोन्ही बाजूंना सामान असताना एक पाय खड्ड्यावर आला, की मात्र हेच अडीच इंच गाडी पडणार की नाही ते ठरवतात. म्हणून दुकानात चपलेवर नव्हे, तर प्रवासात वापरायचे बूट घालून गाडीवर बसून पाहावे.

वजनाची परीक्षाही तेथेच घ्यावी. हिमालयन ४५० चे इंधनासह वजन १९६ किलोग्रॅम आहे. १,८३३ घनसेंटिमीटरच्या आधुनिक गोल्ड विंगचे पावणेचारशे किलोग्रॅमच्या आसपास भरते. गाडी चालू लागली, की वजन विसरले जाते. ते आठवते गाडी ढकलत मागे घेताना, चिखलात वळवताना आणि पडलेली उचलताना. किंचित चढावर गाडी एकट्याला मागे ढकलता येत नसेल, तर ती कितीही देखणी असली तरी आपली नव्हे, असे समजावे.

बसण्याच्या ठेवणीचे ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. क्रूझर गाडीत पाय पुढे पसरलेले असतात. ही बैठक ऐसपैस वाटते. परंतु खड्ड्याचा धक्का पाय न शोषता थेट माकडहाडातून पाठीच्या कण्याकडे जातो. स्पोर्ट प्रकारात स्वार पुढे झुकतो आणि शरीराचा भार मनगटांवर येतो. सरळ पाठीच्या बैठकीत पायठाणे शरीराच्या बरोबर खाली असल्याने गतिरोधकावर किंवा खराब रस्त्यावर क्षणभर उभे राहता येते. आपल्याकडील रस्ते पाहता ही तिसरी बैठक बहुतेकांना मानवते. विक्रेत्याने दिलेली दहा मिनिटांची चाचणी त्यासाठी पुरेशी नाही. मान व मनगट यांची तक्रार सहसा तासाभरानंतर सुरू होते.

इंजिन, पल्ला आणि चाके

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकींना प्रवेश नाही. दुचाकीस्वाराचा बराचसा प्रवास वस्तीतून आणि घाटांतून जाणाऱ्या रस्त्यांवर होतो. तेथे ताशी १५० किलोमीटर वेगाच्या क्षमतेपेक्षा कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढ, म्हणजे टॉर्क, अधिक उपयोगी पडतो. दोन माणसे आणि सामान घेऊन चढावर वारंवार गिअर बदलावा न लागणे हे त्याचे लक्षण होय. ३५० ते ४५० घनसेंटिमीटरचे एक सिलिंडरचे इंजिन भारतातील बहुतेक प्रवासांना पुरते.

उंचावर प्रत्येक इंजिन दुबळे होते. समुद्रसपाटीपासून सुमारे ५,३०० मीटर उंचीवर, म्हणजे लडाखमधील उंच खिंडींच्या पातळीवर, हवेचा दाब निम्म्याच्या आसपास उतरतो आणि ज्वलनाला मिळणारा प्राणवायूही त्याच प्रमाणात घटतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या तेथे पेट्रोल जास्त व हवा कमी पडून अडखळत. इंधन-अंतःक्षेपण प्रणाली पेट्रोलचे प्रमाण आपोआप कमी करते. मात्र गेलेली शक्ती तिलाही परत आणता येत नाही.

पल्ल्याचा हिशेब साधा आहे. पंधरा लिटरची टाकी आणि लिटरला तीस किलोमीटर असा वापर धरल्यास ४५० किलोमीटर होतात. परंतु चढ, भार आणि समोरचा वारा यांपोटी त्यातून किमान पाचवा हिस्सा वजा करावा. मनाली–लेह रस्त्यावरील टांडी येथील पेट्रोल पंप ‘पुढील पंप ३६५ किलोमीटर’ या आशयाच्या पाटीमुळे प्रसिद्ध झाला, तो याच हिशेबामुळे.

आऱ्यांची चाके खड्ड्यांत धक्का सोसतात. पण त्यांत सहसा ट्यूब असते आणि पंक्चर काढण्यासाठी चाक उतरवावे लागते. मिश्रधातूच्या चाकांवरील ट्यूबविरहित टायरचे पंक्चर चाक न काढता रबराची वात घालून रस्त्याच्या कडेला बुजवता येते. मात्र जोराच्या आघाताने चाकाची कड वाकू किंवा तडकू शकते. मुख्यतः डांबरी रस्त्याने जाणाऱ्याने दुसरा पर्याय घ्यावा.

सामान

जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ असाव्यात. मागील आसाच्याही पलीकडे लटकणाऱ्या उंच पेटीत हत्यारे व पाण्याच्या बाटल्या भरल्या, की पुढचे चाक हलके होते आणि वेगात हँडल डोलू लागते. तेथे कपडे ठेवावेत. भार वाढल्यावर मागील स्प्रिंगचा ताण व टायरमधील हवा किती ठेवावी, हे गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत दिलेले असते. ही पुस्तिका बहुतेक घरांत पिशवीतून बाहेर निघत नाही.

हेल्मेट

टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’, यांना १९३५ च्या मे महिन्यात इंग्लंडमध्ये मोटारसायकलवर अपघात झाला आणि डोक्याच्या दुखापतीने सहा दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूशल्यचिकित्सक होते. पुढे केर्न्स यांनी सैन्यातील मोटारसायकलस्वार निरोप्यांच्या अपघातांचा अभ्यास करून १९४१ मध्ये हेल्मेटच्या उपयोगाविषयी निबंध प्रसिद्ध केला. अनेक अभ्यासांचे एकत्रित परीक्षण करणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ च्या आढाव्यानुसार हेल्मेटमुळे अपघातग्रस्त मोटारसायकलस्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो.

हेल्मेटचे कठीण बाह्य कवच आघात पसरवते, परंतु खरे काम आतील थर्मोकोलसारख्या थराचे असते. तो चिरडला जातो आणि त्यामुळे डोके थांबण्यास क्षणाचा थोडा अधिक अंश मिळतो. मेंदूला बसणारा हिसका तेवढ्याने सौम्य होतो. चिरडलेला थर पुन्हा फुगत नाही. म्हणून एकदा जोराचा आघात झालेले हेल्मेट बाहेरून अखंड दिसले तरी टाकून द्यावे.

भुवयांच्या किंचित वरून डोक्याचा घेर मोजून माप ठरवावे. नवे हेल्मेट गालांना घट्ट लागले पाहिजे. कपाळावर एकाच जागी टोचत असेल तर मात्र त्याचा आकार आपल्या डोक्याचा नाही. पट्टा बांधून हेल्मेट मागून पुढे ढकलून पाहावे. ते डोक्यावरून निघत असेल, तर ते असून नसून सारखेच. हनुवटी झाकणारे पूर्ण हेल्मेट अर्ध्या हेल्मेटपेक्षा निःसंशय सरस आहे. भारतीय मानक आयएस ४१५१ चे चिन्ह त्यावर हवे. रस्त्याकडेला विकल्या जाणाऱ्या मालावरही ते चिन्ह छापलेले आढळते. त्याजवळचा परवाना क्रमांक भारतीय मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल ॲपवर पडताळता येतो.

जाकीट, हातमोजे व बूट

जाकीट दोन कामे करते. रस्त्यावर घासले जाताना त्वचा वाचवणे हे पहिले आणि खांदा, कोपर व पाठ यांवरील आघात शोषणे हे दुसरे. युरोपीय मानक ईएन १७०९२ मध्ये वस्त्रांचे एएए, एए, ए, बी आणि सी असे वर्ग केले आहेत. प्रवासासाठी एए वर्ग हा समतोल पर्याय समजला जातो. आघात शोषणाऱ्या गाद्यांसाठी ईएन १६२१ हे वेगळे मानक असून त्यात दुसरी पातळी पहिलीपेक्षा अधिक संरक्षक आहे. पाठीच्या खिशात अनेकदा केवळ साधा स्पंज घालून दिलेला असतो. तो काढून तेथे प्रमाणित गादी बसवावी.

चामडे घर्षणाला उत्तम टिकते. पण विदर्भातील मे महिन्यात ते अंगावर राहणार नाही, आणि खुंटीवरचे जाकीट कोणालाही वाचवत नाही. जाळीदार कापडाचे जाकीट घर्षणात काहीसे उणे पडले तरी दख्खनच्या उन्हात तेच वापरले जाते.

पावसासाठी जाकिटाच्या आत लावायचे जलरोधक अस्तर मिळते. ते सह्याद्रीच्या पावसात निरुपयोगी नसले तरी गैरसोयीचे आहे: बाहेरचे कापड पाणी पिऊन जड होते आणि वाऱ्याने शरीर गारठते. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथे जाकिटावरून चढवायचा दोन तुकड्यांचा रेनसूटच हवा.

पडताना माणूस हात पुढे टेकतो. त्यामुळे हातमोज्यांच्या तळव्यावर, मनगटाजवळ, घसरणारी कठीण चकती असावी आणि मनगटाचा पट्टा घट्ट बसावा. बुटांनी घोटा झाकला पाहिजे. त्यांचे बंद लोंबते असू नयेत, कारण ते गिअरच्या दांड्यात किंवा पायठाणात अडकतात. वाऱ्याच्या सततच्या आवाजाने श्रवणशक्ती क्षीण होते. स्पंजाचे स्वस्त कर्णबोळे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ मधील २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरील प्रत्येक दुचाकीस्वारास, मागे बसणाऱ्यासह, हेल्मेट आवश्यक आहे; पगडी परिधान केलेल्या शीख व्यक्तींना सूट आहे. उल्लंघनास एक हजार रुपये दंड व तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद आहे. १ जून २०२१ पासून दुचाकीस्वारांसाठीची केवळ भारतीय मानक चिन्हांकित हेल्मेटेच विकता येतात. चार वर्षांखालील बालकास नेताना सुरक्षा-पट्टा व बालकाचे हेल्मेट वापरणे आणि वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत ठेवणे १५ फेब्रुवारी २०२३ पासून बंधनकारक आहे. १२५ घनसेंटिमीटरपेक्षा मोठ्या इंजिनाच्या सर्व नव्या मोटारसायकलींना १ एप्रिल २०१९ पासून चाक जखडू न देणारी ब्रेक प्रणाली, म्हणजे एबीएस, असावी लागते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार सहप्रवाशासाठी हाताचा आधार व पायठाणे असावीत आणि त्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा. हे आच्छादन ‘साडी गार्ड’ म्हणून ओळखले जाते. सामानाच्या पेट्या बसवताना किंवा गाडी देखणी दिसावी म्हणून ते काढून टाकले जाते. वास्तविक साडीप्रमाणेच ओढणी, रेनकोटचे टोक आणि सामानाचा सुटलेला पट्टा हेही त्याच चाकात जातात.