जुनाट अर्धशिशी : नेमकं काय, किती, कधी

जुनाट कधी म्हणतात? तीन महिन्यांहून अधिक काळ महिन्यातले 15 किंवा जास्त दिवस डोकेदुखी; त्यांपैकी किमान 8 दिवस अर्धशिशीची लक्षणं. स्त्रियांमधलं प्रमाण पुरुषांच्या साधारण तिप्पट.

झटका : उपचाराविना 4 ते 72 तास. ठणका, मळमळ, उजेड आणि आवाज सोसवत नाही.

गोळ्या मोजून घ्या, हे फार महत्त्वाचं. साधी वेदनाशामकं महिन्यात 15 दिवस किंवा ट्रिप्टान गटातली औषधं 10 दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं तर गोळ्यांमुळेच डोकं दुखू लागू शकतं.

सजगता : जॉन कबाट-झिन यांनी 1979मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात सुरू केलेला ताणमुक्तीचा कार्यक्रम आठ आठवड्यांचा. श्वासाकडे लक्ष, पडून एकेका अवयवाची जाणीव, बसून ध्यान, सौम्य योगासनं. दुखणं सोसणं त्यामुळे सुकर होऊ शकतं. मात्र तो औषधाला पर्याय नाही.

रोज : झोपेच्या आणि जेवणाच्या ठरलेल्या वेळा, डोकेदुखीची नोंदवही. कडक उपास अनेकांना बाधतो.

तातडीने रुग्णालय : एकाएकी असह्य डोकेदुखी, बोलणं अडखळणं, एका बाजूची ताकद जाणं, तापाबरोबर मान आखडणं.