वरसईचं बाड, पुण्याचं मंडळ आणि कोलाडची ट्रंक

विष्णुभट गोडसे हे पेण तालुक्यातल्या वरसईचे भिक्षुक. डोक्यावर कर्ज आणि घरात खाणारी तोंडं बरीच. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरघोस मिळणार, असं कानावर आलं आणि १८५७ मध्ये ते काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. वाटेतच बंडाचा वणवा पेटला. झाशीला इंग्रजांचा वेढा पडला तेव्हा भटजी शहरातच होते. घरी परतल्यावर बऱ्याच वर्षांनी, चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी पाहिलेलं सगळं लिहून काढलं. वैद्यांनी १९०७ मध्ये ते ‘माझा प्रवास’ म्हणून छापलं, पण काटछाट करून आणि मजकुरावर आपला हात फिरवून. पुढे १९२२ मध्ये मूळ हस्तलिखित त्यांनी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केलं. दत्तो वामन पोतदारांनी त्यावरून मूळ संहिता प्रसिद्ध केली ती १९६६ मध्ये. भटजी स्वतः काय म्हणाले होते, हे मराठी वाचकाला तेव्हा कळलं.

मधली चव्वेचाळीस वर्षं ते बाड मंडळात होतं. इतिहास मंडळाची खरी कामगिरी हीच असते. कागद घ्यायचा, त्याची नोंद करायची, कसरीपासून आणि पाण्यापासून तो जपायचा आणि योग्य माणूस दाराशी येईपर्यंत थांबायचं.

या मंडळाचं कुलाबा जिल्ह्याशी, म्हणजे आजच्या रायगडशी, नातं जवळचं आहे. संस्थापक विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा जन्म १८६३ चा आणि तोही वरसईचाच. पोतदार महाडजवळच्या बिरवाडीचे. आयुष्यभर मंडळात बसून काम केलेले ग. ह. खरे पनवेलचे. मुंबई–गोवा महामार्ग पनवेल, पेण आणि महाड या तिन्ही गावांवरून जातो. पेण आणि महाडच्या मध्ये कोलाड लागतं. मराठ्यांच्या इतिहासाच्या सर्वांत मोठ्या खासगी संग्रहाला माणसं पुरवणारा हा पट्टा आहे. आपल्या स्वतःच्या कागदांकडे मात्र त्यानं फारसं लक्ष दिलेलं नाही.

मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० ची. राजवाड्यांच्या जोडीला पुण्याचे सरदार खंडेराव मेहेंदळे होते. राजवाडे तोवर गावोगाव पायपीट करून दप्तरं धुंडाळत होते आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये काढून बसले होते. एकटा माणूस किती फिरणार, हा प्रश्न होताच. मंडळ निघालं ते यासाठी. सुरुवातीपासून एक शिस्त ठरली, ती पाक्षिक सभेची. सभेत कुणीतरी नवा कागद, ताम्रपट, नाणं किंवा शिलालेखाचा ठसा घेऊन यायचा, त्यावर छोटं टिपण वाचायचा आणि बाकीचे त्याची चिरफाड करायचे. टिकलेली टिपणं इतिवृत्तात आणि पुढे त्रैमासिकात छापली जात. आज मंडळाकडे सुमारे पंधरा लाख कागदपत्रं आहेत, हजारो पोथ्या, नाणी आणि चित्रं आहेत. हा ढीग कुणा धनिकाच्या एका देणगीतून उभा राहिलेला नाही. कुणी एक रुमाल, म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा, आणला, कुणी घरची पेटी दिली, असा तो वाढत गेला.

राजवाडे स्वभावानं कडक. मतभेद झाले आणि ते मंडळापासून दूर गेले. अखेरचा काळ त्यांनी धुळ्यात घालवला आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी १९२७ मध्ये धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळ निघालं, तेही आज संग्रहालयासह उभं आहे. संस्थापक सोडून गेला तरी पुण्याचं मंडळ चाललं आणि संस्थापक गेल्यावर धुळ्याचं निघालं. छोट्या संस्थांनी यातून घ्यायचा धडा असा की काम एका माणसाच्या खांद्यावर ठेवू नये. गावोगावच्या कितीतरी खासगी संग्रहांची कहाणी एकाच वळणाची असते. छंद आजोबांचा, कपाटं मुलांच्या अडचणीची आणि नातवाच्या वेळी रद्दीवाला.

खऱ्यांनी ‘संशोधकाचा मित्र’ नावाचं पुस्तक लिहिलं. जुना कागद हातात पडला तर त्याची लिपी, कालगणना, वजनं-मापं कशी लावायची, याची ती हाताशी ठेवायची पोथीच आहे. हे ज्ञान प्राध्यापकांपुरतं नाही, हे दाखवायला रोह्याजवळच्या अवचितगडाचं उदाहरण पुरे. गडावर देवनागरी शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नळ नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काळ दिला आहे. शकात ७८ मिळवले की इसवी सन १७९६ येतं, म्हणजे त्या वर्षीचा गुढीपाडवा. वाचन बरोबर आहे का, हे तपासायचं असेल तर १७१८ मध्ये १२ मिळवायचे. १७३० होतात. त्याला साठांनी भागलं की बाकी उरते ५०. साठ संवत्सरांच्या यादीत पन्नासावं नाव नल, म्हणजेच नळ. शक आणि संवत्सर जुळले, आकडा पक्का. हा हिशेब कोलाडच्या शाळेतला आठवीचा मुलगा फळ्यावर करू शकतो. असे पाच हिशेब केलेला मुलगा पुढे किल्ल्याच्या दगडावर खडूनं नाव लिहील, असं मला वाटत नाही.

मंडळाच्या संग्रहाची एक मर्यादाही सांगायला हवी. त्या काळच्या संशोधकांची नजर दरबार, सरदार, इनामं आणि लढाया यांवर होती. ज्यांच्या घरात दप्तर होतं त्यांचा इतिहास जमला. कातकऱ्यांच्या, ठाकरांच्या, आगऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या घरी रुमाल कुठून असणार? अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ पासून सहा-सात वर्षं खोतांच्या जमिनी कसायचं नाकारलं. त्या काळातलं उपाशी घर कसं चाललं, हे दरबारी दप्तरात सापडत नाही. ते घराघरांतल्या पावत्यांत, नोटिसांत आणि म्हाताऱ्यांच्या आठवणींत सापडतं. गावपातळीवरच्या मंडळाला पुण्यापेक्षा जास्त करता येईल, असं काम इथेच आहे.

कोलाडपुरतं पाहू. मुळशीच्या धरणाचं पाणी डोंगराच्या पोटातून भिऱ्याच्या वीजघरात उतरतं, तिथून कुंडलिकेत येतं. त्याच पाण्यावर आज राफ्टिंगच्या होड्या चालतात. वरच्या अंगाला ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, हे होडीत बसणाऱ्याला कुणी सांगत नाही. कोकण रेल्वे रोह्यापासून सुरू होते आणि तिच्यावरचं पहिलं स्थानक कोलाड. मालट्रक रेल्वेवर चढवून नेण्याची रो-रो सेवा २६ जानेवारी १९९९ ला इथूनच निघाली. ज्यांच्या शेतातून रूळ गेले त्यांच्याकडच्या भूसंपादनाच्या नोटिसा, कालव्याच्या पाणीपट्टीच्या पावत्या, आंबेवाडी नाक्याचे चौपदरीकरणाआधीचे फोटो, हे सगळं आज घराघरांतल्या माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. अजून वीस वर्षांनी ते असेल याची खात्री नाही. वरसईचा परिसर तर बाळगंगा धरणाच्या बुडीत क्षेत्रातच आहे.

हे वाचवण्यासाठी गावात मंडळ काढायचं तर सुरुवातीला इमारत लागत नाही, दाखल नोंदवही लागते. ग्रंथालयात पुस्तकाला दाखल अंक असतो तसाच प्रत्येक वस्तूला द्यायचा. समोर लिहायचं: वस्तू काय, कुणी दिली, कुठल्या गावची, कधी आली, देणगी की नुसती ठेव, आणि तिच्याबद्दल देणारा काय म्हणाला. हा शेवटचा रकाना सर्वांत मोलाचा. नाव-गाव नसलेली पितळी समई ही भंगाराच्या दुकानातही मिळते. कागदावर क्रमांक घालायचा तो पेन्सिलनं आणि मागच्या कोपऱ्यात. फाटलेल्या कागदाला सेलोटेप लावायची नाही आणि लॅमिनेशन तर मुळीच करायचं नाही, कारण ते काढता येत नाही. कोकणच्या पावसात पेटी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवायची नाही. फोटो काढून दोन ठिकाणी ठेवायचे आणि मूळ कागद मालकाला हवा असेल तर परत करायचा. प्रतिमा मिळाली तरी निम्मं काम झालं.

कायद्याची माहितीही हवी. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या वस्तू पुरावशेष ठरतात, हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे. मूर्तींसारख्या काही वस्तूंची नोंदणी सक्तीची आहे. शेतात मिळालेली वीरगळ उचलून आणण्यापेक्षा जागेवरच तिचं माप घेणं, फोटो काढणं आणि पुरातत्त्व खात्याला कळवणं हे जास्त उपयोगाचं.

मदत कुठून मिळेल? १९६७ च्या कायद्यामुळे महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांना अ, ब, क, ड अशा वर्गवारीनं ठरलेलं अनुदान मिळतं. छोट्या संग्रहालयांच्या पाठीशी अशी हमी नाही, म्हणून गावच्या ग्रंथालयाच्याच एका कपाटात संग्रह सुरू करणं शहाणपणाचं. संस्था नोंदवली आणि काही वर्षं हिशेब नीट ठेवले तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या संग्रहालय अनुदान योजनेकडे जाता येतं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरती बस २०१५ पासून शाळांपर्यंत पोचते, शाळेनं मागणी नोंदवायला हवी. जुन्या कागदांची मोडी लिपी शिकायची असेल तर पुण्याचं मंडळ आणि राज्याचा पुराभिलेख विभाग वर्ग घेतात. जुने फेरफार वाचू शकणारा एक माणूस गावात तयार झाला तरी त्याच्याकडे पहिल्या महिन्यातच रांग लागेल.

कोलाड, रोहा आणि पेणच्या शिक्षकांना, ग्रंथपालांना आणि निवृत्त तलाठ्यांना एवढंच सांगणं आहे: महिन्यातला एक रविवार ठरवा, दोनशे पानांची एक वही घ्या आणि प्रत्येकानं घरातला एक कागद घेऊन या. सभेला पाच जण आले तरी पुरे. पहिल्या पानावर त्या पाच कागदांची नोंद झाली की मंडळ स्थापन झालं असं समजा. फलक नंतर लावता येईल.