विंचवाचं बिऱ्हाड आणि कोर्टाचं बोलावणं

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपल्या घराघरांत मुरलेली आहे. कोर्टाचा कागद दारात आला की आधी छातीत धस्स होतं, आणि मग सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्या एकच विचारतात, "काय गं, झालं तरी काय?" पण मैत्रिणींनो, जगात असेही देश आहेत, जिथं कोर्टाचा कागद येतो तो तुमच्या-माझ्यासारख्या साध्या गृहिणीला न्याय करायला बोलावण्यासाठी! आरोपी म्हणून नव्हे, साक्षीदार म्हणूनही नव्हे. तर खटला ऐकून माणूस दोषी की निर्दोष हे ठरवणाऱ्या मंडळींपैकी एक म्हणून. या मंडळींना म्हणतात ज्यूरी.

ज्यूरी हा शब्द आपल्याला अगदीच परका नाही. १९५९ सालच्या मुंबईच्या नानावटी खटल्याबद्दल तुम्ही घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलं असेल. नौदलातल्या अधिकाऱ्यानं बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या, आणि ज्यूरीतल्या नऊपैकी आठ जणांनी त्याला निर्दोष ठरवलं. न्यायाधीशांना ते पटलं नाही. त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथं जन्मठेप झाली. पुढे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. अमेरिकेत मात्र ही पद्धत अजून जोरात आहे, आणि नागरिकाला बोलावणं आलं की उत्तर हे द्यावंच लागतं.

"मग आम्ही हे कशाला वाचायचं?" असं तुम्ही म्हणाल. जरा आपल्याच गल्लीत डोकावून पाहा. कुणाचा मुलगा न्यू जर्सीत, कुणाची लेक टेक्ससमध्ये. आणि त्यांचे आई-वडील? काहींनी तिकडचं नागरिकत्वही घेतलंय. हिवाळा सांगलीत, उन्हाळा मुलाकडे, लेकीचं बाळंतपण निघालं की तीन महिने तिच्याकडे! विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, तसं यांचं बिऱ्हाड दोन बॅगांत. अशा फिरत्या माणसाला कोर्टाचं बोलावणं आलं, तर ते पोचणार कुठं? आणि पोचलं तर करायचं काय?

चाकांवरचे संसार

हा प्रश्न अमेरिकेत काही आपल्याच काका-काकूंना पडतो असं नाही. तिकडे हजारो माणसं मोटारघरात राहतात. स्वयंपाकाचा ओटा, बिछाना, न्हाणीघर सगळं त्या गाडीतच. थंडीत ॲरिझोनाच्या उबेला, उन्हाळ्यात उत्तरेच्या डोंगरांत. कुणी हौसेनं निघालेले, तर कुणी घराचं भाडं परवडेना म्हणून. २०२० साली आलेला ‘नोमॅडलँड’ हा चित्रपट अशाच एका विधवा बाईचा आहे.

पण घर कितीही फिरतं असलं, तरी पत्ता एका जागी असावा लागतो. त्याशिवाय गाडीचा परवाना नाही, विमा नाही, मत नाही. म्हणून ही मंडळी साउथ डकोटा, टेक्सस किंवा फ्लॉरिडा या राज्यांपैकी एखाद्या राज्याचा पत्ता घेतात. या तिन्ही राज्यांत राज्याचा आयकर नाही, हे त्यातलं एक मोठं कारण. साउथ डकोटात तर एका रात्रीच्या मुक्कामाची पावती दाखवून वाहन परवाना मिळवण्याची सोय या मंडळींसाठी ठेवलेली आहे. टेक्ससमधल्या लिव्हिंगस्टन गावात एस्केपीज नावाचा फिरस्त्यांचा क्लब आहे. १९७८ साली सुरू झालेला हा क्लब सभासदांचं टपाल गोळा करतो आणि ते जिथं असतील तिथं पुढं पाठवतो. म्हणजे माणूस कुठंही असो, कागदोपत्री तो लिव्हिंगस्टनचाच!

आता गंमत पाहा. ज्यूरीची नावं काढतात ती मतदारयादीतून आणि बऱ्याच ठिकाणी वाहन परवान्याच्या यादीतून. म्हणजे ज्या पत्त्यानं कर वाचवला, परवाना दिला, त्याच पत्त्यावर एक दिवस कोर्टाचं पाकीट येऊन पडतं. तेव्हा तो गाडीवाला दीड हजार मैलांवर एखाद्या तळ्याकाठी चहा पीत बसलेला असतो! "मी तिथं राहतच नाही हो," असं कोर्टाला कळवावं, तर प्रश्न येतो, "मग आमच्या राज्याचा परवाना तुमच्याकडे कसा?" फायद्याच्या वेळी रहिवासी आणि कामाच्या वेळी पाहुणा, असं कसं चालेल?

मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट मोलाची वाटते. पत्ता म्हणजे नुसती टपालाची जागा नव्हे. ज्या पत्त्यानं हक्क मिळतात, त्याच पत्त्यावर कर्तव्यही येतं.

काकूंची झोप उडाली

आमच्या ओळखीच्या एका काकूंचं उदाहरण सांगते. वय सहासष्ट, पाच-सहा वर्षांपूर्वी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेलं. त्या इकडे असताना मुलाच्या घरी ज्यूरीचं बोलावणं आलं. जाहिरातींच्या ढिगात ते पाकीट तसंच राहिलं. मग दुसरं पत्र आलं, जरा कडक शब्दांत. मुलानं रात्री फोन केला आणि काकूंची झोपच उडाली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्याकडे हजर. "तू शाळेत इंग्रजी शिकवतेस ना, मला एक पत्र लिहून दे. मला धरून नेतील का गं?"

त्यांना आधी चहा दिला आणि मग आम्ही दोघींनी मिळून सरळ, चार ओळींचं पत्र लिहिलं. मी अमुक तारखेपासून भारतात आहे, अमुक तारखेला परत येणार आहे, पहिलं पत्र मला वेळेवर मिळालं नाही, कृपया माझी तारीख पुढं ढकलावी. सोबत तिकिटाची प्रत. मुलानं ते कोर्टाच्या कचेरीत दिलं. पंधरवड्यात उत्तर आलं. जूनमधली तारीख मिळाली! काकू गेल्या, दिवसभर मोठ्या दालनात बसल्या, मग वीसेक जणांबरोबर न्यायाधीशांपुढे उभ्या राहिल्या. काही प्रश्न झाले, त्यांची निवड झाली नाही, आणि संध्याकाळी भाजी फोडणीला टाकायला घरी हजर. नागरिकत्वाच्या तयारीत त्यांनी एक उत्तर पाठ केलं होतं, की फक्त नागरिकाचं असं एक कर्तव्य म्हणजे ज्यूरीत बसणं. परत आल्यावर मला म्हणाल्या, "पाठ केलेलं उत्तर एकदाचं कामाला आलं बघ."

आता कामाच्या गोष्टी

तुमच्या नात्यात कुणी अशी दोन देशांत किंवा दोन राज्यांत फिरणारी असेल, तर पुढच्या गोष्टी कापून ठेवा.

१. टपाल उघडणारं माणूस नेमा. निघण्यापूर्वी मुलाला, सुनेला नीट बजावून जा, की माझ्या नावाचं कोर्टाचं पाकीट आलं तर त्याच दिवशी उघडायचं आणि मला वाचून दाखवायचं. फिरते संसारवाले टपाल सांभाळायला पैसे मोजतात, ते उगीच नाही.

२. पहिला कागद बहुधा प्रश्नावलीचा असतो. त्यात तुम्ही नागरिक आहात का, वय काय, इथं किती काळ राहता, असं विचारतात. केंद्रीय कोर्टात बसायला माणूस नागरिक हवा, अठरा वर्षांचा हवा, त्या कोर्टाच्या हद्दीत वर्षभर राहिलेला हवा आणि त्याला कामापुरतं इंग्रजी लिहिता, वाचता, बोलता यायला हवं. इंग्रजी खरंच जमत नसेल तर तसं स्पष्ट लिहावं, त्यात लाज कसली?

३. ग्रीन कार्डवाल्यांनी विशेष जपावं. वाहन परवान्याच्या यादीतून त्यांनाही चुकून पत्र येतं. "मी नागरिक नाही" हे स्वच्छ लिहून पाठवायचं, की विषय संपला. घाबरून किंवा हौसेनं "नागरिक आहे" असं लिहिणं मात्र फार महागात पडतं. नागरिक असल्याचा खोटा दावा हा तिथल्या कायद्यात मोठा गुन्हा आहे, आणि त्यापायी देश सोडायची वेळ येऊ शकते.

४. सुटका मागण्याऐवजी पुढची तारीख मागा. मुक्काम लांब असेल तर जाण्या-येण्याच्या तारखा आणि तिकिटाची प्रत जोडावी. फिरते संसारवालेही "आम्ही अमुक महिन्यात त्या गावी येणार आहोत, तेव्हाची तारीख द्या," असं कळवतात. गप्प बसणं हाच सगळ्यांत वाईट मार्ग. केंद्रीय कोर्टात सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिलं, तर एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि तीन दिवसांपर्यंत कैद होऊ शकते.

५. वयाची आणि मुलाबाळांची सवलत असते, पण ती राज्याराज्यांत वेगळी. फ्लॉरिडात सत्तरी ओलांडलेल्यांना विनंती केल्यावर सूट मिळते, टेक्ससमध्ये पंचाहत्तरीनंतर. फ्लॉरिडात गरोदर बाईला सूट आहे, आणि पूर्ण वेळ नोकरी नसून पदरी सहा वर्षांखालचं मूल असलेल्या आईलाही. पण ही सूट आपोआप मिळत नाही बरं का, मागावी लागते.

६. पैशाचा हिशेब आधी करा. केंद्रीय कोर्ट दिवसाला पन्नास डॉलर आणि प्रवासाचे मैलांप्रमाणे पैसे देतं. राज्यांच्या कोर्टांत रक्कम वेगवेगळी, अनेक ठिकाणी अगदीच तुटपुंजी. गाडीच्या पेट्रोलवर हातावरचं पोट असलेल्या फिरस्त्याला हे परवडत नसेल, तर तसं लिहावं. अतिशय अडचण असेल तर सूट देण्याची तरतूद कायद्यातच आहे.

७. आणि भामट्यांपासून सावध! "तुम्ही ज्यूरीला आला नाहीत, आता वॉरंट निघालंय, ताबडतोब पैसे भरा," असे फोन तिकडे म्हाताऱ्या माणसांना येतात. खरं कोर्ट फोनवरून असे पैसे मागत नाही, की दुकानातलं गिफ्ट कार्ड घेऊन त्याचा नंबर सांगा म्हणत नाही. फोन ठेवावा, आणि पत्रावरच्या नंबरावर आपण होऊन चौकशी करावी.

टाळायचं कशाला?

इतकी कटकट, मग टाळलेलंच बरं, असं मनात येतं खरं. पण बायकांना ही खुर्ची सहजासहजी मिळालेली नाही. १८७० साली वायोमिंगमधल्या लॅरॅमी गावात बायका पहिल्यांदा ज्यूरीत बसल्या, पण ते कौतुक फार दिवस टिकलं नाही. पुढे कितीतरी वर्षं अनेक राज्यांत बायकांना एक तर बंदीच, नाहीतर "तुम्हाला यायचं असेल तर आपण होऊन नाव नोंदवा" असा कायदा. आता सांगा, भांडी टाकून कोण बाई आपण होऊन नाव नोंदवायला कोर्टात जाणार?

फ्लॉरिडात हॉइट नावाच्या बाईवर नवऱ्याच्या खुनाचा खटला झाला. संसारातलं दुखणं होतं, पण ऐकायला बसले सगळे पुरुष. तिनं तक्रार केली. १९६१ साली सुप्रीम कोर्टानं ती फेटाळली. बाईची जागा घरात, तिला या कामाची सक्ती नको, असं त्यामागचं म्हणणं. १९७५ साली लुइझियानाच्या टेलर खटल्यात त्याच कोर्टानं भूमिका बदलली, की बायकांना असं वगळून निवडलेली ज्यूरी ही समाजाची ज्यूरीच नव्हे. आणि गंमत म्हणजे त्या खटल्यातला आरोपी पुरुष होता! बायका नसतील तर पुरुषालाही पुरता न्याय मिळत नाही, हे त्या निमित्तानं मान्य झालं.

"मला कायद्यातलं काय कळतं?" असं आपण चटकन म्हणून जातो. पण ज्यूरीला कायदा न्यायाधीश समजावून सांगतात. ज्यूरीनं पाहायचं ते एवढंच, की समोरचा माणूस खरं बोलतोय की नाही. आता दोन मुलांच्या भांडणात खरं कोण बोलतंय, वाण्यानं वजनात मारलं की नाही, कामवालीचं दुखणं खरं की बहाणा, हे रोज कोण ठरवतं? आपणच ना? मग तेच डोळे, तेच कान कोर्टात नेले म्हणजे झालं.

तेव्हा परदेशी निघालेल्या आपल्या नणंद-जावांना, आई-मावश्यांना पापड-लोणच्याच्या डब्यांबरोबर ही एवढी माहितीही बांधून द्या. बिऱ्हाड पाठीवर असलं म्हणून काय झालं? बोलावण्याला उत्तर मात्र वेळेवर गेलं पाहिजे.