चंद्रावरचा 'अझोफी' म्हणजे आपले अस-सूफी

चांदरातीला आपण सगळेच चंद्रकोर शोधतो. पण त्याच चंद्रावर मुस्लिम शास्त्रज्ञांची नावं आहेत, हे आपल्या किती मुलांना माहीत असतं?

अवकाशातला मोठा दगड आदळून जो गोल खड्डा पडतो, त्याला विवर म्हणतात. बुलढाण्याचं लोणार सरोवर हे असंच एक विवर. 1651 मध्ये इटलीतले पाद्री रिचिओली यांनी चंद्राच्या नकाशात विवरांना विद्वानांची नावं दिली आणि त्यात मुस्लिम विद्वानांनाही जागा दिली.

अडचण एवढीच, की नावं लॅटिन वळणाची आहेत, म्हणून आपल्याला ती ओळखू येत नाहीत. 'अल्बाटेग्नियस' म्हणजे अल-बत्तानी. त्यांनी काढलेली वर्षाची लांबी आजच्या मापापेक्षा जेमतेम अडीच मिनिटांनी कमी भरते. कोपर्निकसने आपल्या ग्रंथात त्यांचा हवाला दिला आहे. 'अझोफी' म्हणजे अस-सूफी. 964 च्या सुमारास त्यांनी देवयानी दीर्घिकेची नोंद 'छोटा ढग' अशी केली, तीही दुर्बिणीशिवाय. 'अल्हाझेन' म्हणजे प्रकाशशास्त्राचे इब्न अल-हैसम, तर 'अर्झाकेल' म्हणजे अंदलुसचे अझ-झरकाली.

आज ही नावं आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ ठरवतो. चंद्रावरच्या मोठ्या विवरांना दिवंगत शास्त्रज्ञांची नावं देतात आणि मृत्यूला किमान तीन वर्षं झालेली असावी लागतात. बुधावर कलावंतांचा मान: तिथे रूमी आहेत, तानसेन आहेत, इजिप्तच्या गायिका उम्मे कुलसूमही आहेत. शुक्रावर स्त्रियांची नावं असतात. तिथलं एक विवर आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींच्या नावाचं आहे. शनीच्या एन्सेलाडस चंद्रावर तर अलिफ लैलातले अलीबाबा आणि सिंदबाद भेटतात. आणि मंगळावर 'लोणार'सुद्धा आहे!

एक सावधगिरी. पैसे घेऊन ताऱ्याला तुमचं नाव देतो, सर्टिफिकेट पाठवतो, असं कोणी म्हणालं तर भुलू नका. संघ नावं विकत नाही.

चांद सात-आठ तारखेचा असेल तेव्हा साध्या दुर्बिणीतूनही अल्बाटेग्नियस आणि अर्झाकेल चंद्राच्या मधोमध, उजेड-अंधाराच्या सीमेजवळ दिसतात. मुलांना ते जरूर दाखवा. दाखवताना दोन्ही नावं सांगा आणि त्या माणसाने काय काम केलं, तेही सांगा. नुसत्या नावाचा अभिमान चार दिवस टिकतो. कामाची गोष्ट ऐकलेलं मूल पुढचा प्रश्न विचारतं, आणि आम्हा शिक्षकांना तेच हवं असतं.